मोहाखालची पायवाट

रायपूरच्या भनपुरीला माझं जाणं वर्षातून एखाददुसऱ्या वेळी होतं. ट्रकांच्या रांगा, लोखंडाची धूळ, टायरची दुकानं. तिथे माझ्यासारख्या माणसाचं काम ते काय? या फाल्गुनात मात्र जावं लागलं. वंदनाचं पायाने चालवायचं शिलाई मशीन हैदराबादला प्राचीकडे, आमच्या मुलीकडे, पाठवायचं होतं. ट्रान्सपोर्टच्या कचेरीतला मुनीम बिल्टी लिहीत होता, मी दारात उभा होतो, आणि शेजारच्या गोदामातून एक वास आला. मी न ठरवता मोठ्याने बोलून गेलो, "मोह."

मुनीमाने मानही वर केली नाही. "नया माल उतर रहा है, काका. अब दो महीना यही सूँघो."

मोहफुलांचा वास नेमका कशासारखा, हे मला आजवर नीट सांगता आलेलं नाही. गुळाच्या ढेपेला ओलं गोणपाट गुंडाळावं आणि दोन दिवसांनी उघडावं, तसा काहीसा. कित्येकांना तो सोसत नाही. मलाही सुरुवातीला सोसत नसे. वंदनाला मात्र तो लहानपणापासून ओळखीचा होता. ती गोंदियाची. बसमध्ये खिडकीशी बसलेली असली तर माझ्याआधी तिला कळायचं आणि कोपराने ढोसून ती म्हणायची, "आला पाहा." जसं काही कोणी पाहुणा स्टेशनावर उतरला आहे.

गेल्या श्रावणात ती गेली. त्यानंतरचा हा पहिला मोह. पाडवा आठवड्यावर आला होता, आणि पाडव्याला आम्ही कुठे जातो हे आमच्या ओळखीच्या सगळ्यांना ठाऊक होतं. यंदा मी काय करणार, हे कोणी विचारलं नाही. मीही स्वतःला विचारलं नव्हतं. त्या गोदामाच्या दारात ते आपोआप ठरलं.

पाडव्याला डोंगरावर जाण्याची आमची रीत एका न आलेल्या बोलावण्यातून निघाली. माझं घर ब्राह्मणपाऱ्यातलं. मराठ्यांच्या राज्यात नागपूरकडून आलेलं कुटुंब, तीच गल्ली, तेच देऊळ, पाडव्याला सगळी चुलत भावंडं एका पंगतीला. वंदना बौद्ध घरातली. तिचे वडील रेल्वेत होते आणि तीही रेल्वेच्या कचेरीत लागून रायपूरला आली. आमचं लग्न नोंदणी पद्धतीने झालं. ब्राह्मणपाऱ्यात कोणी भांडलं नाही. आमच्याकडे भांडायची पद्धत नाही. बोलावणं येत नाही, एवढंच.

लग्नानंतरच्या पहिल्या पाडव्याच्या आदल्या संध्याकाळी, चौबे कॉलनीतल्या भाड्याच्या दोन खोल्यांत, मी पुस्तक उघडून बसलो होतो. पान उलटत नव्हतो. तिने ते बराच वेळ पाहिलं असावं.

"उद्या पहाटंची बस पकडू," ती म्हणाली.

"कुठली?"

"कोन्तीबी. जिथं आपल्याले कोणी बलावलं नाही, तिथंच जाऊ ना जी. लय जागा हायेत तशा."

तिच्या कचेरीतल्या एका बाईचं माहेर महासमुंदच्या पलीकडे होतं. तिकडच्या एका डोंगरावर, अर्ध्याच्या थोडं वर, बारमाही झरा आहे असं तिने सांगितलं होतं. वंदनाने तेवढ्यावर निघायचं ठरवलं. शिवाय पाडवा म्हणजे श्रीखंड हवंच, हा तिचा हट्ट. ब्राह्मणपाऱ्यात होतं तर आपल्याकडेही होईल. रात्रभर टांगलेला चक्का, वेलदोडा, केशराच्या चार काड्या, सगळं स्टीलच्या डब्यात भरून तिने ते चैत्राच्या उन्हात, बसच्या टपाखाली, नंतर पाठीवरच्या पिशवीत, डोंगरावर नेलं. झऱ्यापाशी डबा उघडला तेव्हा आत जे होतं त्याला श्रीखंड म्हणायला फार मोठं मन लागलं असतं. निम्मं पिशवीतच सांडलं होतं. माझ्या पुस्तकाची चाळीसेक पानं एकमेकांना चिकटली होती आणि त्यावर मुंग्यांची रांग लागली होती.

"वाचून राहिल्या त्या," ती मुंग्यांकडे पाहून म्हणाली. "तुमच्यापेक्षा वेगानं."

मी जन्मभर कॉलेजच्या ग्रंथालयात काम केलं. खराब झालेलं पुस्तक पाहिलं की मला राग येतो. त्या दिवशी आला नाही, हे मला तेव्हाच विचित्र वाटलं होतं.

पुढे ब्राह्मणपाऱ्याचं दार उघडलं. प्राची झाली तेव्हा आई सायकलरिक्षाने आमच्याकडे आली, बाळाला मांडीवर घेऊन बसली, आणि जाताना स्वतःच्या लग्नातला एक पितळी डबा वंदनाच्या हातात ठेवून गेली. पुढच्या पाडव्याला निरोप आला, जेवायला या. वंदना म्हणाली, "सांजच्याला येतो म्हणा. दिवसा आमचं काम हाय." त्या कामात पुढे खंड पडला तो प्राचीच्या गोवराच्या वर्षी, माझ्या पाठीच्या दुखण्यात, आणि सगळंच बंद होतं त्या वर्षी. बाकी सगळे पाडवे डोंगरावर. मोजले तर सव्वीस भरतात.

भनपुरीहून आलो त्या संध्याकाळी प्राचीचा फोन आला. मी जायचं म्हणतोय, हे तिला सांगितलं. प्राचीला मराठी सगळं कळतं. उत्तर मात्र हिंदीत येतं.

"अकेले? बाबा, पागल हो क्या?"

"सकाळच्या बसने जाईन, दुपारच्या बसने परत."

"ठीक है, लोकेशन भेजो. कम से कम मुझे पता तो रहे."

मी विचार करू लागलो. कोणता फाटा, हे सांगता आलं. त्यापुढे? फाट्यावरून शेतांच्या बांधाने जायचं. मग जंगल लागतं. मग एक कोरडा नाला. नाल्यानंतर—

"नाल्यानंतर काय?" हे मीच मला विचारलं आणि थांबलो.

"हैलो? बाबा?"

"मला माहीत नाही गं."

"मतलब? छब्बीस बार गए हो आप!"

"तुझी आई पुढे असायची."

मग ती हलक्या आवाजात म्हणाली, "तो मत जाओ ना."

रस्ता माहीत नाही, यात शरमेसारखं काही नव्हतं. कित्येक माणसांना रस्ते लक्षात राहत नाहीत. मला अस्वस्थ करत होती ती दुसरी गोष्ट. तिच्या पिशवीत डबा असे, पाण्याच्या बाटल्या असत, एक जुनी चादर असे. तिने त्या नेल्या आणि आणल्या. मीही तसाच नेलेला आणि आणलेला होतो का? ती होती तोवर हा प्रश्न उठलाच नव्हता. आता उठला आणि त्याचं उत्तर द्यायला ती नव्हती. ते सव्वीस पाडवे माझे होते की तिचे, हे कळायला एकच मार्ग दिसत होता. एकट्याने जाऊन झरा सापडतो का, ते पाहायचं.

पाडव्यालाच चैत्रातलं नवरात्र बसतं, त्यामुळे पहाटेच्या बसमध्ये देवीला निघालेल्या बायका, नारळाच्या पिशव्या, लाल ओढण्या. बसस्टँड आता शहराच्या दुसऱ्याच टोकाला गेलंय. घरून निघालो तेव्हा अजून अंधार होता. कंडक्टरने तिकिटासाठी विचारलं तेव्हा मी फाट्याचं नाव सांगितलं.

"वहाँ?" त्याने माझ्या कॅनव्हासच्या बुटांकडे पाहिलं. "वहाँ तो कुछ है नहीं, अंकल. किसके घर जाना है?"

"किसी के नहीं."

"फिर?"

"घूमने."

तो हसला, शेजारच्या बाईकडे वळला आणि म्हणाला, "देखो अम्मा, तुम देवी के पास जा रही हो, अंकल भालू के पास." बाई हसली नाही. तिने माझ्यासाठी खिडकीची जागा करून दिली.

परतीची चारची बस मला मिळाली, हे आताच सांगून टाकतो. ती चुकेल की काय ही धास्ती दिवसभर माझ्यामागे होती, पण लिहिताना तिला जागा देण्यात अर्थ नाही.

आरंग गेलं, महानदी आली. चैत्रात ही नदी म्हणजे वाळूचं मैदान आणि त्यात कुठेतरी पाण्याचा एक पट्टा. पुलावर वंदना दरवेळी माझ्या हातातलं पुस्तक मिटवायची. "नदी आली ना, खाली पाहा." मी पाहायचो, तिला बरं वाटावं म्हणून. या वेळी हातात पुस्तक नव्हतं आणि मी खरोखर पाहिलं. वाळूत कलिंगडांच्या वाड्या होत्या, एक माणूस डोक्यावर टोपली घेऊन पाण्यातून चालत होता, गुडघ्याएवढ्या पाण्यातून. इतक्या फेऱ्यांत ते पाणी किती खोल असतं, हे मला पहिल्यांदा कळलं.

वंदना चालताना सतत बोलायची. मागे न बघता, खांद्यावरून. कचेरीतल्या गमती, एप्रिलातल्या जयंतीच्या मिरवणुकीची तयारी, कोणाच्या पोट्टीचं कुठे जमलं, भेंडी काय भावाने घेतली. घरात ती इतकी बोलत नसे. मी तिच्या मागे दहा पावलांवर असायचो आणि हो हो म्हणायचो. समोर दिसायची तिची पाठ, पिशवीचे पट्टे आणि टाचा. तिच्या बुटांच्या टाचा आतल्या बाजूने झिजायच्या. जंगलात गेल्यावर लोक वर पाहतात, झाडं, पाखरं. मी खाली पाहायचो. मला पाय घसरण्याची भीती वाटते आणि वाचणाऱ्या माणसाची मान तशीही खालीच असते.

"काहून थांबले जी?" ती ओरडायची.

"बुटाची नाडी."

"बुटाले नाडी हाय की नाडीले बूट? किती वेळा बांधता! चाला, मले रस्ता मालूम हाय."

हे वाक्य तर ठरलेलं. मले रस्ता मालूम हाय. मी त्यावर इतका विसंबून होतो की त्याचा कधी विचारही केला नाही.

पहिल्याच वर्षी नाल्याच्या अलीकडे मी एक चूक केली होती. मोहाच्या झाडाखाली फुलं पडली होती, पिवळसर पांढरी, द्राक्षासारखी फुगीर. मी एक उचललं. वंदनाने ते माझ्या हातातून घेतलं आणि जिथून उचललं होतं तिथे परत ठेवलं. अगदी तिथेच, चार बोटंही इकडेतिकडे नाही.

"लोकाचं हाय ते."

"जंगलातलं झाड लोकांचं कसं?"

"जमीन पाहा ना. कशी झाडून ठेवली हाय."

मग मी पाहिलं. प्रत्येक मोहाखाली पाचोळा जाळून, झाडून, एक काळं वर्तुळ केलेलं होतं. पहाटेपासून फुलं त्या काळ्यावर गळतात आणि दुरूनही दिसतात. ज्या घराचं ते झाड, त्याची हद्द म्हणजे हे वर्तुळ. कुंपण नाही, पाटी नाही, पण शेजारच्या झाडाचं फूल कोणी उचलत नाही. ग्रंथालयात मी वर्षानुवर्षं पुस्तकांवर शिक्के मारले, कुलुपं लावली, तरी पुस्तकं गेली. हे वर्तुळ पाहून मला फार नवल वाटलं होतं आणि अजूनही वाटतं.

या वेळी फाट्यावर उतरलो तेव्हा साडेआठ झाले होते. बांध ओळखीचे निघाले. जंगल लागलं. पळस झडून गेला होता, कुसुमाला लाल पालवी आली होती, कुठेतरी तांबट एकसारखा ठोकत होता. हवेत जळक्या पाचोळ्याचा आणि मोहाचा वास. नाला आला, कोरडा, गोट्यांनी भरलेला. आणि पलीकडच्या काठावर, ज्याची भीती होती तेच. एक नव्हे, चार पायवाटा. गुरांच्या, लाकूडतोड्यांच्या, फुलं वेचणाऱ्यांच्या. सगळ्या तुडवलेल्या. यांतली झऱ्याची कोणती?

मी डोंगराकडे पाहिलं. माथा कोणत्या बाजूला, ते पाहून वाट धरावी असं वाटलं. माथ्यावर डोळे ठेवून मी सर्वांत रुंद वाटेने निघालो. आयुष्यात पहिल्यांदाच वर पाहत चाललो आणि शंभरेक पावलांत पायाखाली काहीतरी मऊ पिचलं.

"ए बाबू! गोड़ ल देख!"

पाय बघ, असं कोणीतरी ओरडलं होतं. मी एका काळ्या वर्तुळाच्या मधोमध उभा होतो. बुटाखाली पाचसहा फुलं चेंदलेली. पलीकडे टोपली घेऊन एक बाई ओणवी होती; सत्तरीच्या आतबाहेरची, गुडघ्यापर्यंत लुगडं, दंडावर गोंदलेलं. मी तसाच थिजलो. मागे जावं तरी फुलं, पुढे जावं तरी फुलं.

"अब खड़े झन रह," ती म्हणाली. "जेन डहर ले आए हस, ओही डहर निकल." उभा राहू नको, आला तसाच परत नीघ. मी माझीच पावलं शोधत, एकेक टाकत, बाहेर आलो. ती कमरेवर हात ठेवून ते पाहत होती. तिला हसू येत होतं, पण ती हसली नाही.

मी हात जोडून माफी मागितली. तिने माझ्याकडे नीट पाहिलं. मग माझ्या मागे, नाल्याकडे पाहिलं. मग पुन्हा माझ्याकडे.

"गोंदियहिन नइ आइस?"

मला प्रश्न कळला नाही. म्हणजे शब्द कळले, कोणाबद्दल आहे ते कळलं नाही. इकडच्या खेड्यांत सून आली की तिचं माहेरचं गाव हेच तिचं नाव होतं. रायपूरची असेल ती रइपुरहिन, दुर्गची ती दुरुगहिन. ही बाई आरंगची, म्हणून आयुष्यभर आरंगहिन. हे तिने मला नंतर सांगितलं. गोंदियाची ती गोंदियहिन. माझ्या बायकोला या डोंगराच्या पायथ्याशी एक नाव होतं आणि कित्येक वर्षांत ते माझ्या कानावर आलं नव्हतं.

"नहीं आई," मी म्हणालो. मग तेवढ्यावर सोडणं बरोबर वाटेना. "वो नहीं रही. सावन में."

आरंगहिनने टोपली खाली ठेवली. "हाय दाई," एवढंच म्हणाली आणि वर्तुळाच्या कडेला उकिडवी बसली. मीही बसलो. काय झालं होतं, असं तिने विचारलं, मी सांगितलं. दवाखाना, दोन महिने. रायपुरात हे मी इतक्या जणांना सांगितलं होतं की वाक्यं गुळगुळीत झाली होती. इथे ती पुन्हा जड झाली, कारण ऐकणाऱ्या बाईला माझ्याशी काही देणंघेणं नव्हतं. तिचं नातं वंदनाशी होतं. मधूनमधून वरून एखादं फूल पडत होतं, टप असा आवाज करून. ती वेचायला उठली नाही.

मग तिने स्वतःहून सांगायला सुरुवात केली. "हर बछर इही जघा पूछय. दीदी, झरना कते डहर? मैं कहंव, भुला जाथस का ओ? त हाँसय."

दरवर्षी इथेच विचारायची. झरा कुठल्या वाटेने? मी म्हणायची, विसरतेस का गं? तर हसायची.

"हर बछर?" मी विचारलं.

"हव. हर बछर."

"शुरू में, पहली-दूसरी बार?"

"अरे, गए बछर घलो!" मागच्या वर्षीसुद्धा. मग तिने डोळे बारीक केले, सांगावं की नाही असं जरा रेंगाळली, आणि म्हणाली, "तोला देख के कहय, मोर साहब पाछू आवत हे. ओला झन बताबे."

तुला पाहून म्हणायची, माझा साहेब मागून येतोय. त्याला सांगू नको.

मी नाल्याच्या पलीकडे पाहिलं. तिथे, त्या गोट्यांपाशी, मी दरवर्षी नाडी बांधायला बसायचो. पुन्हा चालू लागलो की मोहाखाली दोन बायका बोलताना दिसायच्या. मला वाटायचं, फुलांच्या भावाचं चाललं असेल. मी जवळ पोहोचेपर्यंत वंदना निघालेली असायची आणि खांद्यावरून ते वाक्य यायचं.

ती खरंच विसरायची का? की आरंगहिनशी दोन शब्द बोलायला तिने एक प्रश्न राखून ठेवला होता? रेल्वेच्या कचेरीत ती पन्नास माणसांच्या बदल्या, रजा, भत्ते तोंडपाठ सांगायची. अशा बाईला चार वाटांतली एक आठवू नये? पण दिशांच्या बाबतीत ती कशी होती, हे आठवू गेलो तर मला काहीच आठवेना, कारण शहरात स्कूटर मी चालवायचो आणि डोंगरावर ती पुढे असायची. आरंगहिनलाही मी विचारलं. तिने हात उडवले. तिला ते कधी महत्त्वाचं वाटलं नव्हतं. कोणी विचारलं तर सांगायचं, एवढंच.

हे लिहिताना चैत्र संपत आलाय. मधे प्राचीचा फोन आला, मशीन पोहोचलं. "बाबा, सुई में धागा अभी भी लगा है. निकालूँ क्या?" मी म्हणालो, तुला शिवायचं असेल तेव्हा काढ. मग तिला आरंगहिनची गोष्ट सांगितली. ती खूप हसली आणि मग तिचा आवाज बिघडला. "मम्मी भी ना," म्हणाली. दिशांबद्दल तिलाही विचारलं. तिला आठवलं की लहानपणी गोंदियाला गेल्यावर आई तिच्या स्वतःच्या माहेरच्या गल्लीतही एकदा चुकली होती. पण तेव्हा गल्लीत नवीन घरं झाली होती म्हणे. म्हणजे पुन्हा ठरत नाहीच. मी या प्रश्नाशी बरेच दिवस खेळत बसलोय, आणि खरं सांगायचं तर इतक्या महिन्यांत प्रथमच वंदनाबद्दल मला काहीतरी नवीन हाती लागलंय. गेलेल्या माणसाबद्दल आपल्याला सगळं माहीत असतं, असं धरून मी चाललो होतो.

त्या दिवशी मोहाखाली बसल्या बसल्या आरंगहिनने सांगितलं, ते झाड तिला तिच्या सासूने दिलेलं. ती आरंगहून आली तेव्हा पहिल्या मोसमात सासूने बोट करून दाखवलं होतं, हा रुख तुझा. आता धाकट्या सुनेला देणार. थोरलीला पहाटे उठवत नाही, असं तिने खालच्या आवाजात सांगितलं, जसं काही थोरली पलीकडच्या झुडपात बसली आहे. मला आईने दिलेला पितळी डबा आठवला. वंदना त्यात चहाची पावडर ठेवायची.

मी उठलो. "झरना कते डहर?" मी विचारलं. वाक्य वंदनाचंच होतं, मी फक्त म्हटलं.

आरंगहिनने हनुवटीने दाखवलं. मोहाच्या डाव्या अंगाने, अगदी बारीक, गवतात बुडालेली वाट. मी स्वतः होऊन ती कधीच धरली नसती. पुढे अजून फाटे लागतात का, विचारलं. लागतात म्हणाली, चढाची धर. मी चार पावलं गेलो असेन, तर मागून पुन्हा हाक.

"चुपेचुप झन जाबे! भालू महुआ खाय बर आथे. गोठियावत जा."

गप्प जाऊ नको. अस्वलं मोह खायला येतात. अचानक समोर आलास तर बिथरतील. बोलत जा.

"किसके साथ?"

"काखरो संग." कोणाशीही. मग टोपली उचलत ती म्हणाली, "गोंदियहिन त अतका गोठियावय के भालू का, कोल्हिया घलो भाग जाय."

ती इतकी बोलायची की अस्वलच काय, कोल्हेही पळायचे. मी त्या वाटेवर जरा उभाच राहिलो. भेंडीचे भाव, पोट्टीचं लग्न, जयंतीची मिरवणूक. घरात जी बाई तासन्‌तास गप्प बसून शिवत असे, ती इथे आली की अखंड का बोलते, असा प्रश्न मला एवढ्या वर्षांत एकदाही पडला नव्हता. वाचणाऱ्या माणसांना चौकस म्हणतात. कशावरून म्हणतात कोण जाणे.

बोलत जा म्हणणं सोपं आहे. मी ग्रंथालयातला माणूस, दुसऱ्यांना गप्प करण्यात माझी नोकरी गेली. पहिल्यांदा खोकलो. मग पाढे सुरू केले, पण सतराच्या पाढ्यात अडकलो. मग जे तोंडात बसलं आहे ते आलं, ग्रंथालयातले पुस्तकांच्या वर्गांचे आकडे. "पाचशे, निसर्गविज्ञान. पाचशे ऐंशी, वनस्पती. पाचशे नव्वद, प्राणी. पाचशे अठ्ठ्याण्णव, पक्षी. पाचशे नव्व्याण्णव—" आणि थांबलो, कारण त्या आकड्याखाली सस्तन प्राणी येतात आणि त्यांत अस्वलंही येतात. मला हसू फुटलं. एकटाच, त्या चढावर, मोठ्याने हसलो. आणि हसता हसता तोंडातून निघालं, "तुला रस्ता येत नव्हता!"

एकदा सुरू झालं ते थांबेना. "तुला रस्ता येत नव्हता आणि तू मला सांगितलं नाहीस. मी काय हसलो असतो? हो, हसलो असतो, थोडं. पण सांगायचंस. मले रस्ता मालूम हाय म्हणे! त्या बाईला विचारायचं आणि मला नाडीवरून बोलायचं. आणि अस्वलाचं? अस्वलाचं तरी सांगायचंस. मी घाबरलो असतो म्हणून? घाबरलो असतोच. परत फिरलो असतो पहिल्याच वर्षी, ब्राह्मणपाऱ्यात जाऊन दाराबाहेर उभा राहिलो असतो. हे तुला कळत होतं, नाही का?" जंगलात माझा आवाज मला अनोळखी वाटत होता. श्रावणापासून घरात मी इतका मोठ्याने बोललोच नव्हतो. पाय आपोआप पडत होते. एका जागी दगडात गारगोटीची पांढरी पट्टी आली, ती ओलांडताना मी न बघता उजवा पाय लांब टाकला. पुढे एक मूळ वर आलेलं, तिथे वाकलो. फाटे आले असतील. मी भांडत होतो, माझं लक्ष नव्हतं. खाली पाहून चाललेली वर्षं माझ्या पायांत होती आणि पाय त्यांच्या त्यांच्या हिशोबाने वळत होते. समोर कोणाची पाठ नव्हती. "आता ऐक," मी म्हणत होतो, "पुढच्या पाडव्याला त्या बाईला मी विचारणार, उघड विचारणार. नाडी तू बांध. मी पुढे निघतो आणि तू—"

झरा समोर होता. कातळाच्या कपारीतून बोटभर धार, खाली हौदाएवढं पाणी, त्यावर मधमाश्या आणि उलटं पडलेलं एक पान. दम लागला होता. घसा कोरडा पडला होता. मी पाण्याशी गुडघे टेकले, ओंजळ पुढे केली. पण वाक्य अर्धंच राहिलं होतं.

"—आणि तू मागून ये, सावकाश," मी म्हणालो, आणि मग पाणी प्यायलो.